सेव्ह करायचं?

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला टेकून
माझं टेबल. एक पाय विटेवर.
टाइपरायटर होता तोवर बोटांना वजन होतं.
आता जुन्या बाजारातून बुधवारी आणलेला लॅपटॉप,
सांगितले अठराशे, दिले साडेसोळाशे.
घरी नेऊन खालचं झाकण उघडलं तर हार्ड डिस्क नव्हतीच,
दात काढलेल्या हिरडीसारखी नुसती खाच.

रविवारी विकणाऱ्याला शोधत गेलो.
त्या जागेवर एक बाई पितळी नळ विकत होती.

रेहाना तांबोळी, लॉच्या तिसऱ्या वर्षाला,
शेजारच्या नोटरीकडे उमेदवारी करते.
हसली नाही. पर्समधून पेन ड्राइव्ह काढला,
बुटाच्या नाडीत ओवलेला.
काका, यात अख्खी सिस्टीम आहे, तीनशे एमबी.
एकदा मेमरीत चढून बसली
की हा काढून खिशात टाका, तरी चालते.
म्हटलं, विंचवाचं बिऱ्हाड.
म्हणाली, विंचू नाही, लिनक्स.

मराठी मात्र दिसेना. ओळीच्या ओळी चौकोन,
ताबा न मिळालेल्या फ्लॅटांसारखे.
फॉन्टचं पॅकेज मागवलं
तर ते म्हणे, आधी अमुक लायब्ररी आणा.
लायब्ररी म्हणे, येते, पण मला तमुक लागते,
तीही दोन पूर्णांक चारच्या वरचीच.
तमुक म्हणे, तुमच्याकडची जुनी आधी काढा.
जुनी काढली
तर प्रिंटर बंद.

रेहानानं कपाळ धरलं. मी चहा सांगितला.
मला यात नवीन काही नव्हतं.
बत्तीस वर्षं हेच टाइप करतोय.
रेशन कार्डाला राहण्याचा पुरावा,
पुराव्याला लाइट बिल, बिलाला मालकाची सही,
आणि मालक म्हणतो, आधी रेशन कार्ड दाखवा.

मग तुम्ही काय करता, काका?
प्रतिज्ञापत्र.
माणूस स्वतःच सांगतो मी असा असा आहे,
आणि हे खरं आहे, असंही तोच सांगतो.

तिनं कप खाली ठेवला.
असलं एक पॅकेज असतं, म्हणाली,
लागेल ते सगळं पोटात घेऊन येतं,
कुणाकडे काही मागत नाही. जरा जड असतं.
ते बसलं.
चौकोनांतून आधी काने उभे राहिले, मग वेलांट्या,
मग माझं नाव, माझ्याच अंगावर आलं.
तेवढ्या एका संध्याकाळी सेव्हला हो म्हटलं.

एरवी बंद करताना ती रोज विचारते, सेव्ह करायचं?
दिवसभराचं पडलेलं असतं मेमरीत,
एक घटस्फोट, दोन नावबदल,
बहिणीनं मान खाली घालून दिलेलं हक्कसोड,
कोंढव्याच्या पोराच्या जन्मतारखेतलं
एका वर्षाचं खोटं.
नाही, म्हणतो मी.
टाइपरायटरच्या वेळी हे जमत नसे.
कार्बन उजेडात धरला
की सगळ्यांचं सगळं वाचता यायचं.

परवा जागा कमी पडायला लागली.
साफसफाई करू, म्हणत रेहानानं एक कमांड दिली,
पडद्यावर सात नावं आली.
ही दुसऱ्या कुणासाठी आली होती,
तो आता नाही, यांची कुणाला गरज नाही,
काढू? हो की नाही, एक अक्षर.

समोर बाकावर ढमढेरे,
वय एक्याऐंशी, छत्री गुडघ्यांत धरून.
पेन्शनसाठी दर वर्षीचा तोच कागद:
मी हयात आहे.

किती जागा अडवतात गं?
सगळी मिळून चार एमबी.
बसू देत मग, म्हटलं.
ती माझ्याकडे बघत राहिली. मी प्रिंटरकडे.

कागद निघाला. हयातमधला ह जरा फुटला होता.
ढमढेऱ्यांनी शाईवर फुंकर घातली, घडी केली,
विचारलं, पुढच्या वर्षी इथंच ना?
भिंत पाडणार म्हणतात, म्हटलं.
नाडी गळ्यात अडकवली,
आणि टेबलाखालची वीट
पायानं थोडी आत सरकवली.